सेट पन्नास वॅटचा, अँटेनाला पोचतात नऊ! हॅम रेडिओची पावर कुठे गळते ते पावसाआधी असं शोधा

पेण/रोहा : ३ जून २०२० हा दिवस रायगडकर विसरलेले नाहीत. निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकलं. पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. पाठोपाठ मोबाईलचे टॉवरही बंद पडले. कित्येक गावांत पुढचे काही दिवस ना लाईट, ना फोनला रेंज. मुंबईत असलेल्या पोराला "आम्ही ठीक आहोत" एवढं कळवायलाही माणसं रेंज शोधत फिरत होती.

त्याआधीची पिढी १९८९ चा जुलै महिना सांगते. अंबा नदीच्या पुराने नागोठणे आणि जांभूळपाड्यात जो हाहाकार केला, तेव्हा तर मोबाईल नव्हताच.

अशा वेळी टॉवर, इंटरनेट, एक्स्चेंज यातलं काहीही नसताना चालणारं एक साधन आहे. ते म्हणजे हॅम रेडिओ, म्हणजेच हौशी रेडिओ. एक सेट, एक बॅटरी, एक अँटेना आणि लायसन्स असलेला माणूस, एवढ्यावर काम भागतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूज भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचं काम केलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. तिथून त्यांनी अंदमानची खबर बाहेर पोचवली.

पण सेट घरात आहे म्हणून निरोप पोचेलच असं नाही. खोक्यावर पन्नास वॅट लिहिलेलं असतं आणि अँटेनापर्यंत पोचतात आठ-नऊ. ऐन संकटात "तुमचा आवाज येत नाही" असं समोरून ऐकायची पाळी येते. म्हणून कोकणात जसं मृगाआधी घर शाकारून घेतात, तसाच सेटही तपासून घ्यायचा. पावर कमी का पडते आणि गळती कुठे आहे, ते कसं शोधायचं, हे आज क्रमाने पाहू.

आधी एक सूचना. लायसन्सशिवाय बोलण्याचं बटन दाबायचं नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन हे लायसन्स देते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली मुलंही परीक्षेला बसू शकतात. बाजारात किंवा ऑनलाइन वॉकीटॉकी मिळतो म्हणून तो वापरायची परवानगी मिळाली, असं होत नाही.

खरंच पावर कमी आहे का?

बऱ्याच वेळा सेट ठणठणीत असतो आणि आपणच घाबरतो. म्हणून पान्हा हातात घ्यायच्या आधी या गोष्टी बघा.

सेटवर लो, मिड, हाय असं पावरचं सेटिंग असतं. खिशात ठेवताना किंवा पोरांच्या हातून ते बदललेलं असतं. हातातल्या सेटमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी लो ठेवलेलं असतं आणि आपण विसरतो.

दुसरं, तुम्ही कोणत्या मोडवर बोलताय? एफएममध्ये बटन दाबलं की पूर्ण पावर बाहेर पडते, तुम्ही बोला किंवा गप्प बसा. पण एसएसबीमध्ये तुमच्या आवाजाप्रमाणे पावर वरखाली होते. शंभर वॅटचा सेट असला तरी साध्या मीटरची सुई बोलताना वीस-तीसच्या आसपास नाचते. तो बिघाड नाही, सुई आवाजाच्या वेगाने धावू शकत नाही एवढंच. एएम मोडवर तर शंभर वॅटचा सेट साधारण पंचवीस वॅटच दाखवतो. म्हणून पावर मोजायची तर एफएमवर किंवा मोर्सच्या सीडब्ल्यू मोडवर मोजा.

तिसरं, मीटर कोणता आहे? सात किंवा चौदा मेगाहर्ट्झसाठी बनवलेला मीटर एकशे पंचेचाळीस मेगाहर्ट्झवर लावला तर चुकीचा आकडा दाखवतो. मीटरवरचं रेंजचं बटन वीस वॅटवर आहे की दोनशेवर, तेही बघा.

पहिली गळती : बॅटरी आणि वायर

शेतावरची मोटर आठवा. व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुंई करते, पाणी चढत नाही. सेटचंही तसंच आहे. बहुतेक गाडीत आणि घरात लावायचे सेट १३.८ व्होल्टवर चालतात. व्होल्टेज पडलं की पावर त्याच्या वर्गाच्या हिशेबाने पडते. म्हणजे १३.८ चे ११.८ व्होल्ट झाले तर पन्नास वॅटचा सेट ढोबळमानाने सदतीस वॅटच देतो.

इथे चूक कुठे होते? आपण मल्टिमीटर बॅटरीला लावतो, १२.७ व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो, बॅटरी चांगली आहे. पण ते सेट गप्प असतानाचं व्होल्टेज झालं. मोजायचं ते बोलण्याचं बटन दाबलेलं असताना, आणि तेही बॅटरीपाशी नाही तर सेटच्या मागच्या प्लगपाशी.

कारण मधली वायर व्होल्टेज खाते. पन्नास वॅटचा व्हीएचएफ सेट बोलताना दहा ते बारा अँपिअर ओढतो, शंभर वॅटचा एचएफ सेट वीसच्या आसपास. आता हिशेब करा. बॅटरी तीन मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर वायर. घरातल्या दिव्याची एक एमएमची वायर लावली असेल तर वीस अँपिअरला सव्वादोन व्होल्ट वायरमध्येच जातात. अडीच एमएम लावली तर पाऊण ते एक व्होल्ट. सहा एमएम लावली तर अर्ध्या व्होल्टहूनही कमी. म्हणून बॅटरी सेटजवळ ठेवा आणि वायर जाड घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

वायर जाड असूनही व्होल्टेज पडत असेल तर सांधे बघा. बॅटरीच्या टोकावर जमलेला पांढरा-हिरवा थर, सैल झालेले लग, गंजलेला फ्यूजहोल्डर. बटन दाबून पाच-दहा सेकंद बोला, सोडा, आणि मग सांध्याला हात लावून बघा. जो सांधा गरम लागतो, तिथेच तुमची पावर जळतेय. मात्र अंगठी, कडं काढून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांत धातू अडकला तर बोट भाजतं.

हातातला सेट असेल तर बॅटरी जुनी झाली का बघा. चार्ज फुल दाखवते आणि बटन दाबताच काडी उतरते, तर ती बॅटरी बदलायला झाली.

दुसरी पायरी : डमी लोड लावून बघा

बिघाड सेटमध्ये आहे की बाहेर, हे सांगणारी एकच सोपी परीक्षा आहे. अँटेनाची केबल काढायची आणि त्या जागी डमी लोड लावायचा. डमी लोड म्हणजे पन्नास ओहमचा रेझिस्टर. सगळी पावर तो उष्णतेत घालवतो, हवेत जवळजवळ काही जात नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या बोलण्यात अडथळाही येत नाही.

विकत नको असेल तर घरी बनवता येतो. एक किलोओहमचे, दोन वॅटचे वीस कार्बन किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की पन्नास ओहम होतात आणि चाळीस वॅट सहन करतात. तार गुंडाळलेले वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाहीत. एचएफसाठी हा जुगाड उत्तम, व्हीएचएफवर आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. बल्ब लावून काम भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तापला की बल्बचा रेझिस्टन्स कित्येक पट बदलतो. आणि काहीच न लावता, अँटेनाचं भोक मोकळं ठेवून बटन कधीही दाबू नका. सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतो.

आता निकाल. सेटला व्होल्टेज बरोबर मिळतंय आणि डमी लोडवर पूर्ण पावर दिसतेय, तर सेट निर्दोष आहे. दोष केबलमध्ये किंवा अँटेनात आहे. डमी लोडवरही पावर कमी असेल तर दोष सेटमध्ये आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मी धावपळ वाचते.

तिसरी गळती : केबल

आपल्या भागात सगळ्यात जास्त पावर खाणारी गोष्ट हीच. कारण आपली हवा. पेणला धरमतर खाडीचं खारं वारं, रोह्याला कुंडलिकेचा दमटपणा, आणि चार महिने धो धो पाऊस. अँटेनाचा प्लग उघडा राहिला की पाणी आत शिरतं. केबलच्या आतली तांब्याची जाळी वातीसारखं पाणी ओढून घेते. मग तांबं काळं-हिरवं पडतं आणि बाहेरून केबल नवीन दिसत असली तरी आतून सडलेली असते.

चांगली केबलही थोडी पावर खातेच. शेताच्या जुन्या पाइपासारखं समजा, पंपाने टाकलेलं सगळं पाणी टोकाला निघत नाही. बारीक आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झवर शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल खाते. म्हणजे तीस मीटरला ६ डेसिबल. साध्या भाषेत, चारातले तीन हिस्से केबलमध्ये गेले, अँटेनाला पोचला एक. तेवढ्याच लांबीच्या जाड आरजी-२१३ मधून निम्म्याहून थोडी जास्त पावर पोचते. सात मेगाहर्ट्झवर मात्र तीच बारीक केबल तीस मीटरला साधारण पावच हिस्सा खाते. म्हणून एचएफवर बारीक केबल चालून जाते, व्हीएचएफवर नाही.

आता शीर्षकातला हिशेब. पन्नास वॅटचा सेट, बारीक वायरमुळे ११.८ व्होल्ट मिळतात म्हणून सदतीस वॅट निघाले. तीस मीटर आरजी-५८ ने त्यातले तीन हिस्से खाल्ले. अँटेनाला उरले नऊ. सेट न बदलता नुसती जाड वायर आणि जाड केबल टाकली तर तिथेच सत्तावीसच्या आसपास वॅट पोचतात. तिप्पट!

केबल तपासायची असेल तर दोन्ही टोकं मोकळी करा. मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी यांच्यात जोड दाखवता कामा नये. मग लांबचं टोक तारेच्या तुकड्याने शॉर्ट करा, आता जवळजवळ शून्य ओहम दिसलं पाहिजे. ही तपासणी अँटेना काढूनच करा, कारण काही अँटेना मुळातच आतून शॉर्ट असतात. पण मल्टिमीटर पास म्हणाला म्हणजे केबल चांगली असं नाही. खरी परीक्षा ही, की डमी लोड वरच्या टोकाला न्या, वॉटमीटर आधी खाली आणि मग वर लावून दोन्ही आकडे बघा. फरक जेवढा, तेवढी गळती.

एसडब्ल्यूआर चांगला दिसतो, तरी फसू नका

अँटेना नीट जुळली नसेल तर पावर परत फिरते. किती फिरते ते एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. १.५ असेल तर फक्त ४ टक्के परत येते, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. परत आलेली पावर ट्रान्झिस्टर तापवते, म्हणून साधारण दोनच्या वर गेलं की बरेच सेट स्वतःहून पावर कमी करतात. सेट बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो.

पण इथे एक गंमत आहे, आणि भल्याभल्यांना ती फसवते. केबल जितकी खराब, तितका खालचा एसडब्ल्यूआर छान दिसतो. कारण वर जाणारी पावर केबल खाते आणि परत येणारीही केबलच खाते, मग मीटरला परत आलेली दिसणार कशी? ६ डेसिबल खाणाऱ्या केबलच्या टोकाची अँटेना वाऱ्याने तुटून पडली, तरी खाली मीटर १.७ च्या आसपास दाखवतो. आपण म्हणतो, सगळं ठीक आहे. म्हणून अँटेना लावली त्या दिवशीचा आकडा वहीत लिहून ठेवा. काही न करता एसडब्ल्यूआर पूर्वीपेक्षा सुधारला, तर आनंद नको, केबल तपासा.

ट्यूनरचंही तसंच. सेटजवळचा ट्यूनर सेटला पन्नास ओहम दाखवून खूष करतो, पण वरची बिघडलेली अँटेना दुरुस्त करत नाही.

अँटेनापाशी काय बघायचं

छपरावर चढायच्या आधी आजूबाजूच्या विजेच्या तारा बघा. अँटेनाचा पाइप पडला तरी तारेला लागणार नाही एवढं अंतर हवंच. एकट्याने चढू नका, ओल्या कौलांवर आणि पत्र्यावर तर नाहीच. आणि अँटेनाला हात लावायच्या आधी सेटची वायर काढून ठेवा, कुणी खाली चुकून बटन दाबलं तर हात भाजतो.

वर गेल्यावर बघायच्या गोष्टी अशा : माडाची झावळी किंवा आंब्याची ओली फांदी अँटेनाला लागतेय का, माकडांनी केबल ओढली का, उंदराने कुरतडली का, नटबोल्टवर गंज आहे का. लांबीही मोजा. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलची एकूण लांबी साधारण वीस मीटर, १४५ मेगाहर्ट्झच्या क्वार्टर वेव्ह अँटेनाची काडी सुमारे ४९ सेंटिमीटर. तुटलेली तार पुन्हा गाठ मारून जोडली की लांबी बदलते आणि एसडब्ल्यूआर बिघडतो.

प्लगवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.

सेटच्या आत बिघाड असेल तर

व्होल्टेज बरोबर आणि डमी लोडवरही पावर कमी, तर आधी सेट थंड होऊ द्या. मे महिन्याच्या उकाड्यात बंद खोलीत सेट तापतो आणि स्वतः पावर उतरवतो. पंखा फिरतोय का, मागच्या जाळीत धूळ आहे का बघा. त्यानंतरही फरक नसेल तर रिले, ड्रायव्हर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर यांचं काम आहे. ते जाणकाराकडे द्या. आतले स्क्रू फिरवून पावर वाढते म्हणतात, पण त्याने सिग्नल घाण होतो आणि सेटही जातो. २३० व्होल्टचा पावर सप्लाय उघडायचा असेल तर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, हे विसरू नका.

वॅटच्या मागे किती धावायचं?

पावर निम्मी झाली म्हणजे आवाज निम्मा झाला असं नसतं. समोरच्या मीटरवर एक काडी उतरायला पावर चौथ्या हिश्शावर यावी लागते. त्यामुळे जवळच्या माणसाला पन्नास काय आणि पंचवीस काय, सारखंच. फरक पडतो तो काठावर, जिथे आवाज खरखरीत बुडत असतो. वादळात नेमकी तीच वेळ येते.

आणि व्हीएचएफवर उंची ही वॅटहून मोठी गोष्ट आहे. दोन्ही बाजूंच्या अँटेना दहा-दहा मीटरवर असतील आणि मध्ये डोंगर नसेल तर साधारण पंचवीस किलोमीटर बोलणं होतं. पण सुकेळी खिंडीसारखा डोंगर आडवा आला तर शंभर वॅटही कमी पडतात. तिथे दोघांनाही ऐकू येईल अशा उंच जागी एखादा हॅम मध्ये असावा लागतो, जो निरोप घेऊन पुढे देतो. म्हणून गावात एकच सेट असण्यापेक्षा तालुक्यात पाच-सहा लायसन्सवाले असणं जास्त कामाचं.

पावसाआधीची यादी, जपून ठेवा

१. सेटिंग आणि मोड बघा.
२. बटन दाबून सेटच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजा.
३. डमी लोडवर पावर मोजा. सेट की बाहेर, ते ठरवा.
४. केबल आणि प्लग तपासा, टेप नवीन लावा.
५. एसडब्ल्यूआर मोजा, गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा.
६. बॅटरीवरच, घरातली लाईट बंद ठेवून, अर्धा तास सेट चालवून बघा.
७. शेजारच्या तालुक्यातल्या हॅमशी प्रत्यक्ष बोलून बघा. आधी ऐका, वारंवारता मोकळी असेल तरच आपला कॉलसाइन सांगून बोला.

वीज कडाडत असेल तर मात्र केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा. त्या वेळी बोलायला बसू नका.

हे सगळं करायला एक रविवार पुरतो. वादळ आलं की मग केबल आणायला ना दुकान उघडं असतं, ना एसटी चालू असते. तुमच्या गावात कुणाकडे लायसन्स असलेला सेट असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवा, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनाही दाखवा. पुढच्या वेळी टॉवर पडेल तेव्हा अख्ख्या गावाचा निरोप त्याच एका सेटवरून जायचा असेल.